महिला रंगपट : एक

आमच्या गावच्या पडद्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. नसेल तर ऐकालच, कारण चिंचणीपासून बोईसरपर्यंत नाटकातली चार माणसं जिथं चहाला बसतात तिथं ती निघतेच. मीही सांगते. मी तर नकला करून सांगते आणि लोक पोट धरून हसतात. पण दरवेळी मी ती एका ठिकाणी आणून थांबवते. त्यापुढं खरं काय झालं ते नवऱ्याला माहीत नाही, सख्ख्या बहिणीला माहीत नाही — देवापुढं हात जोडून मनातल्या मनातसुद्धा मी ते उच्चारलेलं नाही. आज उच्चारणार आहे. आणि आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. गोड बोलणं जमणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून रिटायर झाले. गावच्या नाट्यमंडळात वीसेक वर्षं आहे. आधी कामं केली, मग अंग सुटलं तशी प्रॉम्प्टर झाले. म्हणजे विंगेत टेबलापाशी बसायचं, वही उघडी ठेवायची, कुणी अडलं की शब्द पुरवायचा आणि प्रवेश बदलायचा झाला की पडद्याची घंटा वाजवायची. मंडळाचे अध्यक्ष माझे मोठे दीर. सगळं गाव त्यांना दादा म्हणतं, मीही दादाच म्हणते. माणूस वाईट नाही. नाटकासाठी स्वतःच्या वाडीतली सुपारी सुकत टाकून तालमीला येणारा माणूस. पण त्यांच्या तोंडावर कुणी ‘दादा, तुमचं चुकलं’ म्हणावं, असं आमच्या घरात आजवर झालेलं नाही.

आमचं रंगमंदिर म्हणजे देवळामागं एक चौथरा, त्यावर चार खांब आणि खाऱ्या वाऱ्यानं चाळण झालेला पत्रा. तर कळलं की असली रंगमंदिरं दुरुस्त करायला सरकार अनुदान देतंय. दादा अर्ज घेऊन माझ्याकडं आले. म्हणाले, “तू मराठीची बाई. तूच लिव.”

मी लिहिलं. त्या अर्जात एक रकाना होता — महिला कलाकारांसाठी सुविधा. त्यात लिहायचं काय? गावातल्या ज्या तिघीचौघी नाटकात काम करायच्या त्यांना कसली अडचण होती? माझं घर रंगमंदिराच्या पाठीला लागून. मागच्या दारानं यायच्या, माझ्या आरशापुढं बसायच्या, माझ्या हातचा चहा घ्यायच्या आणि नटूनथटून परत जायच्या. अडचण एकटीला होती. कल्पनाला.

कल्पना आमच्या गावची नव्हे. पूर्वेकडच्या डोंगराजवळच्या एका वारली पाड्यावरची. बोईसरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. सकाळची पाळी संपली की शेअर रिक्षानं थेट तालमीला यायची, अंगाला त्या कंपनीचा वास घेऊन. दादांनी तिला कुठल्याशा शाळेच्या कार्यक्रमात बघून आणलं होतं आणि आणलं ते बरोबरच आणलं होतं. ती बोलायला लागली की तालमीत भजी खाणारे खायचे थांबायचे. तिला शब्द पुरवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. एकदाही नाही. हे वाक्य लिहिताना आजही माझ्या दातांखाली कचकच लागते, तेव्हा समजून घ्या.

ती कपडे कुठं बदलायची? रंगमंचाच्या मागच्या भिंतीला टेकून, पडद्याच्या आडोशाला. कारण तिला कुणी माझ्या मागच्या दारानं आत बोलावलं नव्हतं. ‘कुणी’ काय म्हणते मी? दार माझं. मी बोलावलं नव्हतं. बाकीच्या बायका विचारायच्या तेव्हा मी सांगायचे, सासूबाईंना नाही चालत गं, जुन्या वळणाच्या आहेत. सासूबाई तेव्हा भिंतीवर हार घातलेल्या फोटोत होत्या, वर्ष होऊन गेलं होतं. बायकांना ते माहीत होतं. एकीनंही मला टोकलं नाही. सगळ्यांना सोयीचं होतं ते.

आणि मी काय केलं असेल? त्या रकान्यात कल्पनालाच बसवली. ‘दुर्गम भागातून येणाऱ्या श्रमिक महिला कलाकारांना वेशभूषेसाठी सुरक्षित जागा नसल्याने त्यांची कुचंबणा होते’ — अशी फर्मास वाक्यं घातली. वाचून दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या कुचंबणेला मी स्वतः कारण, तिच्यावर मी निबंध लिहिला आणि अनुदान मंजूर झालं. मंजुरीच्या कागदावर कामांची यादी होती. छप्पर, फरशी, वीज, प्रसाधनगृह आणि तळाशी — महिला रंगपट : एक.

इथून ती हसण्याची गोष्ट सुरू होते. रंगपट म्हणजे नटांनी रंगायची, कपडे करायची खोली. मराठीच्या बाईला हे ठाऊक असणारच. दादांना ठाऊक नव्हतं. त्यांनी शब्द फोडला. पट म्हणजे कापड. रंगपट म्हणजे रंगवलेला पडदा. आमच्याकडं जंगलाचा पडदा होता, राजवाड्याचा होता, रस्त्याचा होता. आता सरकार म्हणतंय महिलांचा एक करा. दादांनी पालघरहून दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर आणला आणि त्याच्याकडून भलाथोरला पडदा काढून घेतला — पाणवठा, आणि त्यावर पाच बाया घागरी घेऊन उभ्या. पाचींची तोंडं एकसारखी, पाचींना एकच नाक. आणि रंगमंचामागं सरकारी नकाशाप्रमाणं जी खोली बांधून झाली, तिला दादांनी कमिटीची खोली ठरवून टाकलं. लोखंडी कपाट आणलं, सोफा आणला, आणि कुलूप घालून किल्ली जानव्याला बांधली.

मी हे सगळं होताना बघत होते. एक वाक्य पुरलं असतं — दादा, रंगपट म्हणजे ती खोली. ते मी का नाही बोलले? लोकांना सांगताना मी म्हणते, अहो, थोरल्या दिरांना कोण शिकवणार. खोटं आहे. दादांना मी याच्या आधी इतर चार गोष्टी गोडीगुलाबीनं पटवलेल्या आहेत. खरं इतकंच, की ती खोली फक्त कल्पनाला लागणार होती, आणि तिच्यासाठी माझं तोंड उघडत नव्हतं.

मग तपासणीला साहेब आले. हातात यादी. छप्पर बघितलं, फरशी बघितली, म्हणाले, महिला रंगपट कुठंय? दादांनी ऐटीत खूण केली आणि वरून पाच बाया घागरींसकट खाली उतरल्या. दादा म्हणाले, “ह्यो बघा सायेब. आमी कायबी कमी ठेवलं नाय.” साहेब त्या बायांकडं बघत राहिले. लोक इथं हसून लोळतात.

हसणं झाल्यावर मी गोष्ट थांबवते. पण साहेब थांबले नव्हते. ते माझ्याकडं वळले आणि हळूच म्हणाले, “बाई, तुम्ही शिक्षिका ना? मग महिला कलाकार कपडे कुठं बदलतात?” माणूस शहाणा होता. त्यानं मला वाट करून दिली होती. कुलूप घातलेली खोली आमच्यापासून दहा पावलांवर होती. आणि कल्पना तिथंच, फरशी पुसून घेत होती — हो, उद्घाटन जवळ आलं म्हणून दादांनी सगळ्यांना कामाला लावलं होतं, पण फडकं तिच्याच हातात कसं आलं हे मला विचारू नका. मी साहेबांना हसून म्हणाले, “माझं घर मागंच आहे ना. सगळ्या माझ्याकडंच तयार होतात.”

सगळ्या. तिचा हात फरशीवर थांबला. मग परत पुसायला लागला. साहेबांनी ‘रंगपट आढळून आला’ असं लिहिलं, सही केली, शहाळं प्यायले आणि गेले. त्यांचाही मला राग येतो. त्यांना कळलं होतं. पण सहीखाली माझीही सही आहे, महिला प्रतिनिधी म्हणून, वळणदार अक्षरात.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी नीच ठरले असते. पण ते थांबलं नाही.

उद्घाटनाला नाटक ठेवलं. पाहुण्यांना परत मुंबईला जायचं म्हणून दुपारी चारला. आणि पाहुण्यांना आवडलं तर हेच नाटक स्पर्धेला न्यायचं, असं ठरलं होतं. कल्पनाची त्यात मोठी भूमिका होती. तालमीनंतर रिक्षाची वाट बघताना तिनं मला एकदा सांगितलं होतं की घरून तिला आता पुढं पाठवणार नाहीत. भाऊ रोज भांडतो. मग आईनं तोड काढली होती, की मी एकदा येऊन डोळ्यांनी बघते, चांगलं वाटलं तर जा स्पर्धेला, नाय तर सोड ते नाटक. “बाई, आय येनार हाय,” ती म्हणाली. चेहरा असा झाला होता तिचा, की मी पटकन रस्त्याकडं बघितलं.

आई आली. खुर्च्या मांडल्या होत्या, तरी बाजूला खाली बसली. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी. कल्पनानं विंगेतून मला तिच्याकडं बोट करून दाखवली. त्या दिवशी कल्पनाच्या अंगावर पहिल्या अंकात साधं लुगडं होतं आणि दुसऱ्यात माझा स्वतःचा लग्नातला शालू. शालू मीच दिला होता. तुम्हाला हे जमतंय का डोक्यात बसवायला? माझं लग्नाचं वस्त्र तिच्या अंगावर मला चालत होतं. ती माझ्या आरशासमोर चालत नव्हती. मला स्वतःला ते आजतागायत डोक्यात बसत नाही, आणि मी माझी अक्कल घेऊन पोरांना निबंध शिकवले.

पहिल्या अंकाच्या शेवटी तिचं एक मोठं भाषण होतं. तिनं ते म्हटलं. आणि टाळ्या पडल्या — अर्ध्यातच पडल्या, ती थांबली, परत बोलली, परत पडल्या. कितीतरी वर्षं मी त्या चौथऱ्यावर उभी राहिले. माझ्यासाठी असं कुणी एकदा तरी केलं होतं? मी वहीवर बोट ठेवून बसले होते आणि माझ्या बोटाखालचं एकही अक्षर तिला नको होतं. तेव्हा मला जे वाटलं त्याला मी नंतर पुष्कळ नावं देऊन बघितली. पण तो मत्सरच होता, दुसरं काही नाही. भरल्या वयातल्या बाईचा, एका पॅकिंग करणाऱ्या पोरीबद्दलचा.

दुसरा अंक पाणवठ्यावर सुरू व्हायचा. म्हणजे त्या पाच बायांच्या पडद्यापुढं. पडद्यामागं तेवढ्यात लग्नाचा मांडव लागायचा, कल्पना शालू नेसून पाटावर बसायची, मी घंटा वाजवायची आणि दोरीवाला पडदा वर ओढायचा. शालू नेसायला तिला जागा कुठली? तीच, पडद्यामागची. मांडव लावणारे बाहेर पडले की ती भिंतीकडं तोंड करून नेसणार होती. तिनं मला आधी बजावलं होतं, “बाई, नेसून नसंल झालं तर मी हात वर करीन, तोवर वाजवू नका हां.” मी बरं म्हटलं होतं.

मी विंगेत होते. तिथून पडद्याच्या दोन्ही बाजू दिसतात. पुढच्या बाजूचा प्रवेश लवकर संपला, कारण एकजण घाबरून अर्ध्या पानाचे संवादच खाऊन गेला. नट गप्प झाले. प्रेक्षकांत चुळबूळ सुरू झाली. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. समोरच्या विंगेतून दादा मला हातानं खुणा करायला लागले — वाजव, वाजव. आणि मी मागं बघितलं.

घंटा वाजवली.

दोरीवाल्यानं काय करायचं? घंटा झाली, ओढला त्यानं. पाच बाया गुंडाळत वर गेल्या आणि मागं मांडवात कल्पना परकर-ब्लाऊजवर उभी, शालूचा घोळ पायाशी. मग कुणीतरी शिट्टी मारली आणि हसणं फुटलं. ती खाली बसली, शालूत तोंड घालून. दोरीवाल्याला पडदा परत सोडायला केवढा वेळ लागला म्हणून सांगू. त्या वेळात मी तिच्या आईकडं बघितलं. ती उठून उभी राहिली होती, हसणाऱ्या लोकांकडं बघत होती, एकेकाच्या तोंडाकडं. मग तिनं पिशवी उचलली आणि कडेकडेनं चालत रंगमंचामागं लेकीला आणायला गेली.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली, त्याच खोलीत, त्याच सोफ्यावर. दादा भडकले होते. पाहुण्यांसमोर गावाची अब्रू गेली म्हणून. कल्पनाची गेली म्हणून नव्हे. मला विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, मी तिला विचारलं होतं, ती झालं म्हणाली. इतकं सोपं. कुणी उलट विचारलं नाही. एकजण म्हणाला, या पोरींना शिस्तच नसते. दुसरा म्हणाला, कोण जाणे, मुद्दामच केलं असेल. मुद्दाम — हा शब्द त्यानं तिच्यासाठी वापरला आणि मी मान खाली घालून बसले. त्यांना वाटलं मला वाईट वाटतंय. तिचं नाव काढून दुसरीला घेतलं, नाटक स्पर्धेला गेलं, पडलं. कल्पनानं त्यानंतर कुठंच काम केलं नाही. बोईसरला कंपनीच्या बसमध्ये चढताना एक-दोनदा दिसली. मीच पलीकडच्या फुटपाथला गेले.

गाव अजून हसतं. पडदा कसा चुकीचा काढला म्हणून हसतं. त्यामागं कोण उभं होतं हे गाव सोयीनं विसरलंय. माझा संताप होतो. मग ध्यानात येतं, की हसवायला मीच बसलेली असते.

आता उरलेलं सांगते.

त्या कमिटीच्या दुसऱ्याच दिवशी ती माझ्या घरी आली. कंपनीतली पाळी बुडवून आली होती. मागच्या दारानं नाही, पुढून. ओटीच्या पायरीखाली उभी राहिली. हातात शालू होता, धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात बांधलेला. धुण्याचा शालू नव्हे तो, त्याचा रंग फुटला होता, पण तिला कोण सांगणार. हे आत झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मी ‘वर ये’ म्हटलं. त्या दिवशी म्हटलं. ती आली नाही. पुडकं पायरीवर ठेवलं आणि म्हणाली, “बाई, माजा हात वर व्हता.”

ती भांडायला आली नव्हती. आवाज खाली होता. तिला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकून ती घरी जाणार होती आणि आईला, भावाला सांगणार होती, की माझी चूक नव्हती, बाईंनी कबूल केलं. तिला नाटकात परत घ्या असंही ती म्हणाली नाही. एवढंच मागत होती. आतला झोपाळा करकरायचा थांबला. हे ऐकत होते.

मी म्हटलं, “मला नाही गं दिसलं. अंधार होता तिकडं.”

दुपारी चारचा प्रयोग. नवे दिवे लावलेले, सरकारी अनुदानातून. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “नसंल दिसलं.” आणि वळून गेली.

मला दिसलं होतं. स्वच्छ दिसलं होतं. तिचा उजवा हात वर होता, पंजा उघडा, माझ्याकडं. डाव्या हातानं तिनं निऱ्या धरल्या होत्या. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. बघून मी घंटा वाजवली.